सोन्या हेनी : बर्फावरील सम्राज्ञीचे यश आणि तिच्यावरील सावली

फिगर स्केटिंग या क्रीडाप्रकाराच्या इतिहासात महिला विजेत्यांची तुलना करावयाची झाल्यास पहिले नाव नॉर्वेच्या सोन्या हेनी यांचे घ्यावे लागते. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके, सलग दहा जागतिक विजेतेपदे आणि सलग सहा युरोपीय विजेतेपदे ही त्यांची कामगिरी आजवर एकाही महिला एकेरी खेळाडूला गाठता आलेली नाही. मात्र विजेतेपद आणि लोकप्रियता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकप्रियतेची किंमतही मोजावी लागते, हेसुद्धा त्यांच्याच जीवनातून स्पष्ट होते.

भारतातील बहुसंख्य नागरिकांना हा खेळ परिचित नाही. शिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फाचे मैदान आहे. परंतु मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या रायपूर किंवा नागपूरसारख्या शहरांत हा खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच पाहावयास मिळतो. बर्फावर पोलादी पात्यांच्या बुटांनी घसरत जाऊन गिरक्या, उड्या आणि नृत्याविष्कार सादर करणे, असे या खेळाचे स्वरूप आहे. धावण्याच्या शर्यतीप्रमाणे येथे घड्याळ निकाल देत नाही. परीक्षकांचे गुण निकाल ठरवतात. त्यामुळे वाद हा या खेळाचा जुना सोबती आहे.

महिलांना या खेळात आपले स्थान झगडून मिळवावे लागले. १९०२ साली इंग्लंडच्या मॅज सायर्स यांनी पुरुषांच्याच जागतिक स्पर्धेत प्रवेश घेऊन स्वीडनच्या उलरिख साल्खोव्ह यांच्यापाठोपाठ दुसरा क्रमांक पटकावला. त्यानंतर महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली आणि १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सायर्स यांनी सुवर्णपदक जिंकले.

सोन्या हेनी यांचा जन्म ८ एप्रिल १९१२ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजेच आजच्या ओस्लो शहरात झाला. वडील विल्हेल्म हेनी हे फरच्या कपड्यांचे धनाढ्य व्यापारी होते आणि तरुणपणी ते सायकल शर्यतीतील जगज्जेते होते. मुलीचे गुण त्यांनी लवकर ओळखले. उत्तम प्रशिक्षक, नृत्याचे शिक्षण आणि परदेश प्रवास यांसाठी त्यांनी सढळ हाताने खर्च केला. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिम्पिक भरले, तेव्हा सोन्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. आठ स्पर्धकांत त्यांचा क्रमांक आठवा आला. सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबो यांनी पटकावले.

या दोघींची पुढील गाठ या खेळाच्या नियमांवर कायमचा ठसा उमटवून गेली. १९२२ ते १९२६ अशी सलग पाच वर्षे साबो जगज्जेत्या होत्या. १९२७ ची जागतिक स्पर्धा ओस्लोत झाली. पाच परीक्षकांपैकी तिघे नॉर्वेचे होते. या तिघांनी हेनी यांना पहिला क्रमांक दिला, तर जर्मन आणि ऑस्ट्रियन परीक्षकांनी साबो यांना. तीन विरुद्ध दोन अशा फरकाने चौदा वर्षांच्या हेनी जगज्जेत्या ठरल्या. या निकालावर मोठी टीका झाली आणि त्यानंतर एका देशाचा एकच परीक्षक असावा, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने केला. साबो यांनी एकेरी स्पर्धांतून अंग काढून घेतले. हेनी यांची पहिली पायरी वादग्रस्त होती, हे नाकारता येत नाही. परंतु नियम बदलल्यानंतरही पुढील नऊ वर्षे त्यांना कोणी हरवू शकले नाही, हेही तितकेच खरे.

१९२८ साली सेंट मॉरित्झ, १९३२ साली लेक प्लॅसिड आणि १९३६ साली गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे त्यांनी ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली. त्या काळी निम्म्याहून अधिक गुण बर्फावर ठराविक आकृत्या अचूक कोरण्यासाठी असत. हेनी त्यात निपुण होत्याच. शिवाय मुक्त सादरीकरणात त्यांनी बॅलेची लय आणली. रशियन नर्तिका आना पाव्हलोव्हा यांच्या नृत्याचा त्यांच्यावर प्रभाव होता. लांब झग्यांऐवजी आखूड स्कर्ट आणि काळ्या बुटांऐवजी पांढरे बूट ही त्यांची वेशभूषा पुढे जगभर रूढ झाली. १९३६ साली इंग्लंडच्या सेसिलिया कॉलेज यांनी त्यांना अटीतटीची झुंज दिली. पुढच्याच वर्षी कॉलेज जगज्जेत्या झाल्या, पण तेव्हा हेनी मैदानात नव्हत्या.

त्या वेळी हौशी खेळाडूला खेळातून पैसा मिळवण्यास मनाई होती. १९३६ साली दहावे जागतिक विजेतेपद मिळवून हेनी व्यावसायिक झाल्या आणि हॉलिवूडला गेल्या. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीसाठी त्यांनी वन इन अ मिलियन, थिन आइस, सन व्हॅली सेरेनेड आदी चित्रपट केले. १९३८ साली अमेरिकेतील चित्रपटगृहचालकांच्या कौलात शर्ली टेंपल आणि क्लार्क गेबल यांच्यानंतर तिसरे नाव हेनी यांचे होते. त्यांच्या बर्फावरील नृत्यप्रयोगांनाही प्रचंड गर्दी होत असे. या खेळातून त्यांनी जी संपत्ती मिळवली, ती त्यापूर्वी कोणत्याही महिला खेळाडूच्या वाट्याला आली नव्हती.

या यशाला काळी किनारही आहे. १९३६ च्या प्रारंभी बर्लिनमधील एका प्रदर्शनीय कार्यक्रमात त्यांनी हिटलरसमोर नाझी पद्धतीने सलाम केला. नॉर्वेच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. पुढे त्यांनी हिटलरच्या निवासस्थानी भोजनाचे निमंत्रणही स्वीकारले. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेचा ताबा घेतला. मायदेशाच्या प्रतिकार चळवळीला अमेरिकेतील ही सर्वांत प्रसिद्ध नॉर्वेजियन स्त्री उघड पाठबळ देईल, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. १९४१ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. अनेक देशबांधवांनी त्यांना दीर्घकाळ क्षमा केली नाही. १९५३ साली त्या ओस्लोत परतल्या, तेव्हा मात्र त्यांच्या प्रयोगांना प्रेक्षकांनी मोठी गर्दी केली.

नंतरच्या विजेत्यांशी तुलना केल्यास हेनी यांचे वेगळेपण अधिक ठळक होते. अमेरिकेच्या कॅरल हाइस यांनी १९५६ पासून सलग पाच जागतिक विजेतेपदे आणि १९६० चे ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले. त्यांनीही चित्रपटात काम केले, परंतु ती कारकीर्द बहरली नाही. पूर्व जर्मनीच्या कॅटरिना विट यांनी १९८४ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली. हेनी यांच्यानंतर महिला एकेरीचे विजेतेपद राखणाऱ्या त्या एकमेव खेळाडू होत. याउलट अमेरिकेच्या मिशेल क्वान यांना पाच जागतिक विजेतेपदे मिळूनही ऑलिम्पिक सुवर्णाने हुलकावणी दिली. १९९८ साली रौप्य आणि २००२ साली कांस्यपदकावर त्यांना समाधान मानावे लागले. तरीही त्यांच्या लोकप्रियतेला ओहोटी लागली नाही. पदकांची संख्या आणि प्रेक्षकांचे प्रेम यांचे गणित नेहमी जुळतेच असे नाही.

हेनी यांनी तीन विवाह केले. तिसरे पती, नॉर्वेचे जहाज व्यावसायिक निल्स ऑनस्टाड यांच्यासमवेत त्यांनी आधुनिक चित्रांचा मोठा संग्रह जमवला आणि तो मायदेशाला अर्पण केला. या संग्रहासाठी ओस्लोजवळ उभारलेले हेनी-ऑनस्टाड कला केंद्र १९६८ साली खुले झाले. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १९६९ रोजी, पॅरिसहून ओस्लोकडे येत असताना विमानातच त्यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्या वेळी त्या ५७ वर्षांच्या होत्या. कला केंद्राच्या परिसरातील टेकडीवर पती-पत्नीची समाधी असून त्यांची पदके आणि चषक तेथेच जतन करण्यात आले आहेत.