मोरपंखीच्या भाऊबंदाने ज्याची माणसं जगवली, त्या जाक कार्तिएने पुढे काय केलं?

मीरा-भाईंदरमध्ये सोसायटीच्या गेटवर बघा, दोन बाजूंना दोन कुंड्या आणि त्यात ठेंगणी, बारमाही हिरवी मोरपंखी. शाळेत वहीत 'विद्या' म्हणून ठेवायचो ते हेच. भरपूर ऊन द्यायचं आणि आपल्याकडच्या पावसात कुंडीत पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर मुळं कुजतात. बाकी लाड फारसे नाहीत.

मोरपंखी मूळची चीनकडची. तिचा उत्तर अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे थुजा. त्याला युरोपात 'जीवनवृक्ष' म्हणतात. या नावामागे एका फ्रेंच दर्यावर्द्याची गोष्ट सांगतात.

जाक कार्तिए. जन्म १४९१, गाव सेंट-मालो. आशियाची वाट शोधत १५३४ साली तो आजच्या कॅनडात पोहोचला. परतताना तिथला प्रमुख डोनाकोना याच्या दोन मुलांना सोबत घेऊन गेला. सोबत कसलं, पळवूनच. पुढच्या वर्षी त्यांनाच वाटाडे करून तो परत आला आणि आजच्या क्वेबेकजवळ नदी गोठल्याने अडकला.

त्यात स्कर्व्ही सुरू झाला. हिरड्या सडल्या, पाय सुजून काळे पडले. साधारण ११० पैकी २५ जण मेले. धडधाकट दहाही उरले नाहीत. हे बाहेर कळलं तर हल्ला होईल म्हणून कार्तिए आजार लपवत होता.

अशात त्याला डोनाकोनाचा मुलगा दोमागाया दिसला. मध्यंतरी त्याचा गुडघा सुजला होता, आता मात्र ठणठणीत. एक नोकर आजारी आहे असं सांगून कार्तिएने औषध विचारलं. दोमागायाने दोन बायकांना पाठवून फांद्या आणवल्या. साल-पाला उकळून प्यायचा, चोथा पायांवर बांधायचा. आठवडाभरात एक अख्खं मोठं झाड संपलं आणि माणसं उठून बसली. ते झाड थुजाच असावं, असं साधारण मानलं जातं. क जीवनसत्त्व सापडायला अजून चारशे वर्षं होती. (मोरपंखीचा काढा घरी करू नका. थुजाच्या पानांत थुजोन हे विषारी द्रव्यही असतं.)

मे १५३६ मध्ये निघताना कार्तिएने डोनाकोना, दोमागाया धरून दहा जणांना पकडून फ्रान्सला नेलं. १५४१ साली तो पुन्हा कॅनडात गेला, तोवर एक मुलगी सोडून सगळे मेले होते. गावकऱ्यांना त्याने सांगितलं, डोनाकोना वारला, बाकीचे तिकडे सरदार होऊन सुखात आहेत.

१५५७ साली कार्तिए सेंट-मालोत, आपल्या घरच्या गावी वारला.