परंड्याची राजधानी आणि खडकीचे शहर : मलिक अंबर याचे जीवनकार्य

आपल्या परंड्याच्या किल्ल्याविषयी बोलताना त्याचे बुरूज, खंदक आणि तोफा यांचे वर्णन हमखास होते. परंतु हे गाव काही वर्षे एका राज्याची राजधानी होते, याची आठवण क्वचितच काढली जाते. ती राजधानी ज्याने येथे आणली आणि ज्याने येथून हलविली, तो पुरुष म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. गावे कशी वाढतात, कोणी वाढवितात आणि वाढलेल्या गावाच्या पोटात शेजारची खेडी कशी सामावतात, हे समजून घेण्यासाठी त्याच्या चरित्राइतके बोलके चरित्र मराठवाड्यात दुसरे नसावे.

अंबरचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. चापू हे त्याचे मूळ नाव. बगदादच्या एका धन्याने त्याला शिक्षण दिले व अंबर हे नाव ठेवले. पुढे अहमदनगरचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही एके काळी गुलामच होता. त्याच्या पदरी राहून अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. धन्याच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला, काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहिला आणि स्वतःचे घोडदळ जमवून पुन्हा निजामशाहीत परतला.

इ.स. १६०० मध्ये चांदबिबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य बुडाले असेच सर्वांना वाटले. त्या वेळी अंबरने राजघराण्यातील मुर्तझा यास परंड्यास गादीवर बसविले व आपली कन्या त्याला दिली. अशा रीतीने आपले गाव राजधानी झाले. राजा येथे, दरबार येथे. साहजिकच फौजफाटा, कारकून आणि सावकार यांचीही वर्दळ येथे वाढली असणार.

हे वैभव अल्पकाळचे ठरले. निजामशाहीचा उत्तरेकडील मुलूख राजू दखनी या दुसऱ्या सरदाराच्या ताब्यात होता. इ.स. १६०७ मध्ये अंबरने त्याचा पाडाव केला आणि राजधानी जुन्नरला नेली. त्यानंतर दौलताबादेचा आश्रय घेऊन त्याने १६१० च्या सुमारास जवळच्या खडकी नावाच्या खेड्यात नवे शहर वसविण्यास प्रारंभ केला. परंडा राज्याच्या दक्षिण कडेला, विजापूरच्या सरहद्दीलगत. मोगलांशी झुंज तर उत्तरेला. राजधानी हलविण्यामागे हेच मुख्य कारण दिसते. किल्ला कितीही बळकट असला तरी केवळ तटबंदीच्या आधारावर गाव मोठे होत नाही, हे परंड्याने तेव्हाच अनुभवले.

खडकीची रचना हा अंबरच्या कर्तृत्वाचा मुकुटमणी होय. खाम नदीकाठच्या त्या खडकाळ जागेवर त्याने सरदारांना जागा नेमून दिल्या आणि त्यांच्या नावांनी पुरे वसले. मालोजींच्या नावाने मालपुरा, खेळोजींच्या नावाने खेळपुरा, परसोजींच्या नावाने परसपुरा आणि विठोजींच्या नावाने विठापुरा. ज्याला जागा मिळाली त्याने ती वसवावी, अशी ही योजना होती. राज्याच्या खजिन्यावर सारा भार न टाकता शहर वाढविण्याची युक्ती यात दिसते. मराठा सरदारांची निष्ठा शहराच्या मातीशी बांधली गेली, हा राजकीय लाभ वेगळाच.

वस्ती वाढते तेथे पाणी लागते. अंबरने उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून गावात आणले. हीच नहर-ए-अंबरी. ठिकठिकाणी ठेवलेल्या उभ्या विहिरीसारख्या वाटांमुळे तिची देखरेख करता येई आणि यंत्राविना, केवळ उतारावर पाणी वाहत राही. पाणचक्कीची नहर ही त्यानंतरच्या काळातील, तिचे श्रेय चुकून अंबरला दिले जाते. पण त्या नहरीला वाट दाखविणारी पहिली नहर अंबरचीच.

त्याने बांधलेले शहर शत्रूने दोनदा उद्ध्वस्त केले. १६१६ मध्ये रोषणगावच्या पराभवानंतर मोगल फौजा खडकीत घुसल्या व त्यांनी ते जाळले. १६२१ मध्ये शाहजहानच्या मोहिमेत पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा अंबरने ते नव्याने उभे केले. १६२४ मध्ये भातवडी येथे तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात अडकविली आणि मोगल व विजापूर यांच्या संयुक्त फौजेला धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत होते; त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले.

शेतसाऱ्याची त्याची पद्धत मलिकंबरी धारा म्हणून ओळखली जाते. जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरविणे, मक्तेदारीने वसुली देण्याची चाल बंद करणे आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती गावचा कारभार राखणे, ही तिची अंगे. शहर वसविणाऱ्याने खेड्यालाही त्याचे स्थान दिले होते, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते.

१४ मे १६२६ रोजी सुमारे ऐंशी वर्षांच्या वयात अंबरचे निधन झाले. खुलताबादेस त्याची कबर आहे. पुत्र फत्तेखान याने खडकीला फत्तेहनगर नाव दिले, १६५३ मध्ये ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. ८ डिसेंबर १९८२ रोजी तेथे महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा भोवतालची अठरा खेडी एका फटक्यात शहराच्या हद्दीत आली. सातारा-देवळाईची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. २०१४ मध्ये तेथे स्वतंत्र नगरपरिषद झाली आणि २०१५ मध्ये ती महानगरपालिकेत विलीनही करण्यात आली. गावकऱ्यांना वाढीव कराची धास्ती, शहराला नव्या जमिनीची व उत्पन्नाची निकड, आणि दोघांच्या मध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या नव्या वसाहती! अंबरच्या काळी पुरे आणि नहर यांचा विचार बरोबरीने झाला; आजकाल हद्दीचा नकाशा आधी येतो, नळ मागाहून.

हद्दवाढीसाठी शासनाला उद्घोषणा काढून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. व्यापार-उदिमावर जगणाऱ्या आपल्या समाजाची दुकाने बहुधा जुन्या पेठेत आणि नवी घरे गावाबाहेरच्या प्लॉटवर असतात. त्यामुळे आपले हित हद्दीच्या दोन्ही बाजूंना गुंतलेले असते, तरी अशी हरकत वा सूचना देण्यास आपण सहसा पुढे होत नाही.

परंड्याची मलिक-ए-मैदान ही प्रसिद्ध तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली आणि ती आजही तेथेच आहे. राजधानी मात्र त्याच्या पाव शतक आधीच गेली होती.