तिजोरीच्या किल्ल्या खाली ठेवणारा अर्थमंत्री

मी सातवीपर्यंत शिकलेली. अर्थशास्त्र मला ठाऊक नाही. पण घरखर्चाची वही आणि भिशीचा हिशेब रोज हातात असतो. म्हणून चिंतामणराव देशमुखांचे चरित्र मला आपलेसे वाटते.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाजवळच्या नाते गावी झाला. १९१२ मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. विलायतेत ते शिकले वनस्पतिशास्त्र. पैशाची विद्या त्यांनी पुढे सरकारी नोकरीत, काम करता करता कमावली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत त्यांना लोकसभेवर पाठविले ते आपल्या ठाण्याशेजारच्या कुलाबा जिल्ह्याने. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारने हाती घेतला. आपल्या कपाटातले पासबुक आणि विम्याचा कागद पाहिला की मला त्यांची आठवण होते.

त्याच जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर झाले. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. मुंबईचा निर्णय आणि गोळीबाराची चौकशी न होणे, दोन्ही चिंतामणरावांना पटले नाही. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. महाराष्ट्र राज्य झाले ते पुढे १ मे १९६० रोजी.

१९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी अगदी साधेपणाने विवाह केला. त्याच वर्षी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. स्त्रिया व मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना हे मंडळ अनुदान देई. म्हणून हे घर आपल्यासारख्या मंडळांच्याही जवळचे.

मंत्रिपद गेले तरी चिंतामणराव स्वस्थ बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग आणि मग दिल्ली विद्यापीठ त्यांनी सांभाळले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते हैदराबादेत वारले.

आपण दरवर्षी मंडळाची खजिनदार निवडतो, तेव्हा तिचा हिशेब चोख आहे ना, एवढेच पाहतो. मला वाटते, आणखी एक गोष्ट पाहावी: मनाला न पटणारे काही घडले, तर ही बाई किल्ल्या खाली ठेवू शकेल का?