तपोवनचे दाजीसाहेब : मागणाऱ्या हातांना काम देणारा डॉक्टर

अमरावतीच्या माणसाला तपोवन कुठे आहे हे सांगावं लागत नाही. पण ते उभं करणाऱ्या डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेबांची ओळख नव्या पिढीला फारशी नाही. आपल्या अंजुमन, मदरसे आणि ट्रस्ट चालवणाऱ्यांनी तर त्यांचं काम मुद्दाम समजून घ्यावं.

दाजीसाहेबांचा जन्म 1892 चा, जमखंडी संस्थानातला. होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणून ते अमरावतीत आले आणि वऱ्हाडचेच झाले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. 1946 साली त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केलं आणि शहराबाहेर तपोवन वसवलं.

तो काळ आठवा. कुष्ठरोग झाला की घरचे लोकही माणसाला बाहेर काढत. मग मंदिर, मशीद, दर्गा, रेल्वे स्टेशन जिथे जागा मिळेल तिथे कटोरा घेऊन बसायचं. लोक सदका देत, पण जवळ येत नसत. पोट भरायचं, इज्जत मात्र जायची.

दाजीसाहेबांनी औषधासोबत कामही दिलं. तपोवनात शेती झाली, सुतारकाम झालं, माग चालले. वस्तू बनू लागल्या आणि विकल्या जाऊ लागल्या. हे बोलायला सोपं आहे. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते, चटका बसला, कापलं तरी कळत नाही. म्हणून अशा माणसाच्या हाती अवजार देताना फार जपावं लागतं. दुसरी अडचण बाजाराची. रोग्याने बनवलेली वस्तू घरात आणायची की नाही, ही भीती लोकांच्या मनात होती. उपचार घेतलेल्या रोग्यापासून रोग पसरत नाही, हे लोकांना पटायला काही दशकं गेली. अशा वेळी फक्त दया येऊन गिऱ्हाईक एकदाच येतं. परत यायला माल चांगला लागतो.

संस्थेला देणग्याही लागल्या, सरकारी मदतही लागली. विक्रीतून सगळा खर्च निघतो असं कुणी समजू नये. पण कमाईमुळे राहणारा माणूस ओझं न राहता कामगार झाला, ही खरी गोष्ट. 1959 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1986 मध्ये ते गेले.

आपल्याला ही गोष्ट परकी नाही. मागायला आलेल्या एका सहाबींच्या घरातली चादर आणि पेला विकून, त्या पैशातून कुऱ्हाड घेऊन लाकडं तोडायला पाठवण्याची प्यारे नबी ﷺ यांची घटना आपण लहानपणापासून ऐकतो. दाजीसाहेबांनी वऱ्हाडात केलं ते याच वाटेचं काम होतं.

आता आपल्याकडे पाहू. अमरावती असो की अकोला, आपल्या बहुतेक संस्था रमजानच्या चंद्यावर वर्ष काढतात. त्यात जकातीचे हकदार ठरलेले आहेत. शिक्षकांचा पगार, इमारतीची दुरुस्ती, विजेचं बिल यासाठी जकात वापरायला अनेक उलमा परवानगी देत नाहीत. मग मोहर्रम-सफरपर्यंत तिजोरी रिकामी होते. इथे संस्थेची स्वतःची कमाई कामाला येते, कारण ती गरज असेल तिथे लावता येते.

सुरुवात छोटी चालेल. शिवणवर्ग चालतो तिथे जूनआधी शाळांच्या गणवेशांची ऑर्डर घेता येईल. वक्फच्या दुकानांचं भाडं आजच्या बाजारभावाने ठरवता येईल. पण तीन गोष्टी पक्क्या हव्यात : धंद्याचा हिसाब चंद्याच्या हिसाबापासून वेगळा, शिवणाऱ्या बहिणीला पूर्ण मजुरी, आणि वर्षाच्या शेवटी जमातीसमोर खुली वही. मजुरी मारून दाखवलेला नफा संस्थेला बरकत देणार नाही.

तपोवनात बोटं झडलेल्या माणसांनी माग चालवला. आपल्याकडे तर धडधाकट हात आहेत.