बॉस कोण, मेंदू की हात?

सॅकमध्ये न बघता हात घाला आणि गाडीची किल्ली काढा. आधी पेन लागेल, मग इअरफोनची गुंतलेली वायर, बिस्किटाचा अर्धा पुडा, सुट्टे पैसे आणि शेवटी किल्ली. दोन-तीन सेकंदांचं काम. पण बोटांनी कुठे थांबायचं, काय सोडून द्यायचं, किती जोर लावायचा हे ठरवलं कुणी? मेंदूने, असं तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर. मग मेंदूला हे कुणी सांगितलं?

हा दुसरा प्रश्न आयुष्यभर लावून धरणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स शेरिंग्टन. बायोलॉजीत ‘सिनॅप्स’ची डेफिनिशन तुम्ही कधीतरी पाठ केली असेल. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला १८९७ मध्ये हे नाव देणारा हाच माणूस. शब्द मात्र त्याला केंब्रिजमधल्या एका ग्रीक भाषेच्या जाणकाराने सुचवला होता.

फुटबॉल, कॉलरा आणि लॅब

शेरिंग्टनचा जन्म १८५७चा, लंडनमधला. शिक्षण इप्सविचच्या शाळेत. अभ्यासू होता, पण पुस्तकी किडा नव्हता. इप्सविच टाऊनकडून तो फुटबॉल खेळला आणि सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकताना रग्बीही खेळला. मग केंब्रिजला गेला आणि तिथे शरीरशास्त्राच्या प्रेमात पडला. डॉक्टर झाल्यावर थेट दवाखाना थाटायचं सोडून हा गडी कॉलऱ्याच्या साथीचा अभ्यास करायला १८८५ मध्ये स्पेनला आणि पुढच्या वर्षी इटलीला गेला. तिथले नमुने घेऊन तो बर्लिनला पोहोचला आणि तिथे रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली जंतुशास्त्र शिकला. करिअरचा रस्ता सरळच असला पाहिजे असं तुम्हाला घरून सांगत असतील, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

तिथून परतल्यावर मात्र त्याने एकच विषय पकडला, तो म्हणजे मज्जासंस्था. त्या काळची समजूत साधी होती. मेंदू हुकूम देणार, चेतातंतू तो पोहोचवणार आणि स्नायू हलणार. म्हणजे स्नायूकडे जाणारी चेता ही वन-वे रोड. शेरिंग्टनने हे तंतू नीट तपासले आणि १८९४ मध्ये दाखवून दिलं की त्यातले एक तृतीयांश ते निम्मे तंतू उलट्या दिशेने काम करतात. ते स्नायूची खबर मज्जारज्जूकडे नेतात. हुकूम खाली येत असतानाच रिपोर्ट वर जात असतो. तुम्हाला डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळतं, ते या रिपोर्टिंगमुळेच. या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हणतात. त्यामागची संज्ञाही शेरिंग्टनचीच, १९०६ची.

हात होता, पण वापर नव्हता

आता मुख्य गोष्ट. मज्जारज्जूतून चेतांची मुळं दोन बाजूंनी निघतात. पुढच्या बाजूची मुळं हालचालीचे हुकूम नेतात, मागच्या बाजूची मुळं संवेदना आणतात. १८९५ मध्ये शेरिंग्टन आणि फ्रेडरिक मॉट यांनी माकडांवर एक शस्त्रक्रिया केली. एका हाताच्या फक्त मागच्या बाजूच्या मुळांना काप दिला. एकच मूळ कापलं तर फारसं बिघडत नव्हतं, कारण त्वचेच्या एकाच भागाची खबर शेजारशेजारची मुळंही आणत असतात. पण त्या हाताची सगळी संवेदना तोडली, की चित्र पालटायचं.

लक्षात घ्या, स्नायू शाबूत होते. हुकूम नेणाऱ्या चेता शाबूत होत्या. मेंदूला धक्काही लागला नव्हता. तरी माकडाने तो हात वापरणंच सोडून दिलं. खांदा आणि कोपर त्यातल्या त्यात बरे होते, सगळ्यात वाईट अवस्था पंजाची आणि बोटांची. खाऊ समोर असला तरी त्या हाताने पकडणं नाही. मग त्यांनी मेंदूच्या हालचालीच्या भागाला विजेचा हलका प्रवाह दिला, तर तोच हात हलला! म्हणजे यंत्र चालू होतं. खालून खबर येणं बंद झालं होतं, एवढंच.

शेरिंग्टन आणि मॉट यांनी निष्कर्ष काढला की संवेदनेशिवाय इच्छेनुसार हालचाल होऊच शकत नाही. स्पर्श ही मेंदूच्या कामाची अटच ठरली. माकडांवरचे असे प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो. आता अशा कामाला एथिक्स कमिटीच्या परवानग्या लागतात आणि लागायलाच हव्यात. पण या प्रयोगाने प्रश्नाची दिशा बदलली, हेही खरं.

माणूस म्हणून कसा होता?

१८९५ मध्येच तो लिव्हरपूलला प्राध्यापक झाला आणि १९१३ मध्ये ऑक्सफर्डला गेला. पहिल्या महायुद्धात, पन्नाशी केव्हाच उलटलेली असताना, तो बर्मिंगहॅमजवळच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात कामगार म्हणून राबला. कामगार थकतो म्हणजे नक्की काय होतं हे त्याला स्वतः अनुभवायचं होतं. त्याच काळात ऑक्सफर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये मुलींना प्रवेश मिळावा म्हणून त्याने बाजू लढवली. कविता लिहिल्या, त्यांचं पुस्तकही काढलं. १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं तेव्हा तो पंचाहत्तरीत पोहोचला होता. हॉवर्ड फ्लोरी, जॉन एकल्स आणि राग्नार ग्रानिट या त्याच्या तीन विद्यार्थ्यांनाही पुढे नोबेल मिळालं. मेंदूवर शरीराचा नकाशा काढणारे वाइल्डर पेनफिल्डही त्याचेच विद्यार्थी. त्या नकाशात हाताला आणि बोटांना पाठ-पोटापेक्षा कितीतरी जास्त जागा मिळालेली दिसते. शेवटच्या वर्षांत संधिवाताने त्याला जखडलं. १९५२ मध्ये, ९४व्या वर्षी, तो गेला.

गुरूच्या निष्कर्षाला धक्का

गोष्ट इथे संपली असती तर शेरिंग्टन फक्त सिलॅबसमध्ये उरला असता. पण त्याच्या निधनानंतर एडवर्ड टॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्यात एक बदल केला. माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. आणि माकड संवेदना गेलेला हात वापरू लागलं! हालचाल बेढब होती, पण होती. म्हणजे अशी हालचाल अशक्य नव्हती. सुरुवातीला तो हात चालेना, दुसऱ्या हाताने काम भागत होतं, म्हणून माकडाने तो न वापरण्याची सवय लावून घेतली होती.

याचा फायदा कुणाला झाला माहितीये? स्ट्रोकच्या पेशंट्सना. चांगल्या हाताला मोजा घालून तो अडवायचा आणि कमजोर हाताकडून रोज तासन् तास काम करून घ्यायचं, अशी थेरपी यातूनच उभी राहिली. तुमच्यापैकी फिजिओथेरपीचे विद्यार्थी तिला ‘सीआयएमटी’ म्हणून ओळखत असतील. कुणाच्या आजोबांचा हात स्ट्रोकनंतर लुळा पडला असेल, तर या संशोधनाची किंमत वेगळी सांगायला नको.

मग शेरिंग्टन चुकला का? अर्धा. स्पर्शाशिवाय हात हलतो, पण नजाकत जाते. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांच्या बोटांची टोकं भूल देऊन बधिर केली आणि त्यांना छोट्या वस्तू उचलायला दिल्या. एरवी वस्तू जराशी सरकली तरी त्वचा खबर देते आणि पकड आपोआप घट्ट होते, तेही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. आपल्या लक्षात येण्याआधीच! बधिर बोटांना हे जमेना. गरजेपेक्षा जास्त दाबायचं किंवा वस्तू निसटू द्यायची, असं सुरू झालं.

तेव्हा पुढच्या वेळी हातातून सटकणारा मोबाइल शेवटच्या क्षणी वाचला, तर शाबासकी एकट्या मेंदूला देऊ नका. आणि ज्याचा निष्कर्ष पुढच्या पिढीने सुधारला त्याला ‘फेल’ समजू नका. त्याने प्रयोग इतका नेमका मांडून ठेवला होता, म्हणूनच पुढच्यांना त्यातली फट सापडली. प्रोजेक्ट सबमिट करताना हे आठवलं तरी पुष्कळ झालं.