पहाटेचे अभंग

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाड येथे झाला. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. कायदा, अर्थशास्त्र व इतिहास यांच्या व्यासंगात त्यांचा दिवस सरे; परंतु तो उजाडण्यापूर्वी ते तुकोबांचे अभंग म्हणत, असे पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांकडील चहापानामुळे सनातनी रुष्ट झाले; पुढे प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारकही रागावले. त्या निंदेतही त्यांची वृत्ति शांत राहिली, तिचे मूळ या पहाटेत असावे असे आम्हांस वाटते. १९०१ साली ते निवर्तले. फुरसत मिळाल्यावर काव्य वाचू, असे आम्ही म्हणतो. रानड्यांना ती कधीच नव्हती. देव्हाऱ्याजवळच्या गाथेचे उद्या एकच पान उघडावे.