बेळगावात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना सनदेसाठी तीस वर्षांची वाट
कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. बालपणातली काही वर्षं मात्र आपल्या बेळगावात गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी मिळाली नाही. मग लंडनच्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटर फर्ममध्ये उमेदवारी करून प्रत्यक्ष काम शिकल्या. मायदेशी परतून पडद्यातल्या विधवांच्या इस्टेटीची प्रकरणं सांभाळली. काम येत होतं, सनद नव्हती. ऑक्सफर्डची पदवी १९२२ मध्ये हाती आली. १९२३ च्या कायद्याने भारतात महिलांना वकिलीची मुभा मिळाली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. तरीही कोलकात्यात वकिली केलीच. १९५४ मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं.